सात टक्के जिव्हाळा

"रंग जाईल का हो?"

सतरंजी घेताना हा प्रश्न विचारायचा असतो म्हणून आपण विचारतो. उत्तरही ठरलेलं असतं. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणतो, "काका, गॅरंटी माझी." गॅरंटी कसली, किती दिवसांची, रंग गेलाच तर कोणाच्या दारात जायचं, हे आपण विचारत नाही आणि तो सांगत नाही. मागच्या दिवाळीच्या आधी हाच प्रश्न मी येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात विचारला. समोरचा माणूस जरा थांबला. त्याने सतरंजी उलटी केली, पाठीमागची वीण दाखवली आणि म्हणाला, "पहिल्या धुण्यात थोडा जाईल. पुढं नाही जाणार."

एवढंच बोलला. दुसरी दाखवू का, म्हणून विचारलंही नाही. किंमत चिठ्ठीवर होती, घासाघिशीला जागाच नव्हती. पैसे दिले, पावती घेतली, सतरंजी काखोटीला मारून बाहेर आलो.

जेल रोडला रिक्षा शोधत होतो तेवढ्यात फोन वाजला. १४० ने सुरू होणारा नंबर. "नमस्कार सर! मी अमित बोलतोय. कसे आहात सर? झाली का दिवाळीची तयारी?" आवाजात असा काही उमाळा, की माझ्या सख्ख्या पुतण्याच्या फोनवरही कधी ऐकला नाही. हा कोण अमित ते मी आठवायला लागलो. आठवेपर्यंत त्याने माझ्या नावावर आधीच मंजूर झालेल्या कर्जाचा आकडा सांगून टाकला होता.

दहा मिनिटांत दोन विक्रेते भेटले. एकाला माझं नाव ठाऊक होतं आणि त्याने आपलंही सांगितलं होतं, बहुधा खोटं. दुसऱ्याने माझं नाव विचारलं नाही आणि त्याचं विचारायचा मला धीर झाला नाही. ज्याने एवढी जवळीक दाखवली त्याचा फोन मी कापला. ज्याने काहीच दाखवलं नाही त्याचा माल माझ्या काखेत होता. या हिशेबात कुठेतरी गोम आहे असं रिक्षात बसल्यावर वाटायला लागलं, आणि मग पुढचे काही महिने मी सवड मिळेल तसा येरवड्यात फिरत राहिलो.

येरवडा हा पुण्याच्या बोलीत पत्ता कमी आणि शेरा जास्त आहे. "याला आता येरवड्याला पाठवायला हवं" असं पुणेकर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तुरुंग नसतो, मनोरुग्णालय असतं. पण ऐकणाऱ्याला दोन्ही आठवतात. तुरुंग १८७१ चा. आत जागा साधारण अडीच हजारांची आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच वस्तीत डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आहे, पलीकडे आगाखान पॅलेस आहे, मुळा-मुठेचा बंधारा आहे, गोल्फचं मैदान आहे, आणि सम्राट अशोक पथावर कॉमरझोनचे काचेचे मनोरे आहेत. इथले कितीतरी रहिवासी पत्ता सांगताना 'कल्याणीनगरच्या जवळ' म्हणतात. लग्नाच्या बैठकीत तर हमखास. पत आणि पत्ता हे दोन शब्द माझ्या डोक्यात तिथेच एकत्र आले, ते अजून सुटलेले नाहीत.

आयटी पार्कबाहेरच्या एका टपरीवर मला खरा अमित भेटला. म्हणजे तसाच एक. मूळचा बार्शीकडचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, फोनवरून कर्ज आणि कार्डं विकणारा. त्यालाही फोनपुरतं वेगळं नाव दिलं होतं. गिऱ्हाइकाशी जवळीक साधण्याला तो 'रॅपो' म्हणत होता, आणि तो शब्द आता मराठीच आहे. विक्रीच्या धंद्यातल्या कोणत्याही पोराला विचारा, लीड, टार्गेट, फॉलोअप यांच्या रांगेत रॅपो येतोच. "पहिली तीस सेकंदं रॅपोची," तो म्हणाला. "समोरचा हळू बोलत असेल तर आपण हळू बोलायचं. त्याचं नाव दोन-तीनदा घ्यायचं. सणवार विचारायचा. मागं पोराचा आवाज आला तर पोराचं विचारायचं." मी विचारलं, यानं होतं काय? त्याने कटिंगचा घोट घेतला आणि म्हणाला, "काका, एकदा रॅपो बिल्ड झाला ना, की कस्टमर नाही म्हणायला लाजतो."

या एका वाक्यासाठी मी त्याचा चहा दिला. मराठीत या लाजण्याला शब्द आहे, भीड. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण मानली आहे. म्हणजे ज्याला भीड मोडता येत नाही त्याच्या हाती शेवटी कटोरा येतो, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय माहीत होतं. विमा विकायला निघालेल्या नव्या एजंटाच्या पहिल्या दहा पॉलिसी घ्या. मावसभाऊ, मेहुणा, शाळेतले सर, बायकोची मैत्रीण. त्या सगळ्या भिडेपोटी निघालेल्या असतात. अकराव्या पॉलिसीला नातेवाईक संपतात आणि तिथून पुढे तो एजंट आहे की नाही ते ठरतं. बरेच जण तिथेच धंदा सोडतात. जे टिकतात त्यांच्याकडे माणसं येतात ती भिडेनं येत नाहीत. एखाद्याचा बाप वारल्यावर याने दोन खेटे घालून दाव्याचे पैसे मिळवून दिले, हे कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं असतं. त्याला भरवसा म्हणतात. रॅपो म्हणताना आपण या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो.

भाषेचं ऐकलं तर ती सावध करत असते. 'गिऱ्हाईक' हा धंद्यातला देव, पण एखाद्याचं 'गिऱ्हाईक करणं' म्हणजे त्याची फजिती करणं. भाजीवाला ज्याला प्रेमाने 'मामा' म्हणतो त्यालाच 'मामा बनवता' येतं. नातं जोडून माल खपवायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे, की फसवणुकीचे शब्दही नात्यांमधूनच आले. पुण्यात तर काउंटरवरचा माणूस फार हसला की गिऱ्हाईक पिशवी घट्ट धरतं. दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांवर या शहराने इतकी वर्षं विनोद केले आणि चार वाजता तिथेच रांग लावली. त्या रांगेचं कारण गोड बोलणं नक्कीच नव्हतं.

या सगळ्या शास्त्राचा आद्यग्रंथ म्हणजे डेल कार्नेगीचं १९३६ मधलं, माणसं जोडण्याविषयीचं पुस्तक. त्याची मराठी भाषांतरं आजही फुटपाथवर असतात. कार्नेगी स्वतः तरुणपणी आर्मर कंपनीचा माल, डुकराचं मांस आणि चरबी, विकत फिरलेला होता. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याच्या आवडीचं बोला, मनापासून हसा, ही त्याची शिकवण जगभरच्या विक्री विभागांनी पाठ केली. पण या पुस्तकाची सुरुवात होते ती दुकानात नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी घेरलेल्या एका खुन्यापासून होते, आणि थोड्याच ओळींत सिंग सिंग तुरुंगाच्या वॉर्डनची साक्ष येते की आतला क्वचितच कोणी स्वतःला वाईट समजतो. कार्नेगीला त्यातून एवढंच सांगायचं होतं, की माणसावर टीका करून काही साधत नाही. मला मात्र येरवड्यात हे आठवलं ते वेगळ्या कारणाने. माणसं जोडण्याच्या विद्येचा धडा तुरुंगापाशी सुरू होतो आणि पुढच्याच काही प्रकरणांत नाव लक्षात ठेवायचा नियम येतो. विक्री केंद्रातल्या त्या माणसाचं नाव हीच तर एक गोष्ट होती, जी मला विचारता आली नाही. कारण नावाच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. काय केलं होतं?

एक गोष्ट मात्र या शास्त्राच्या बाजूने सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये रिक व्हॅन बारेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका रेस्तराँत प्रयोग केला. वाढणारी बाई गिऱ्हाइकाची ऑर्डर शब्दशः परत म्हणून दाखवायची तेव्हा तिला टीप जास्त मिळायची, नुसतं 'आणते' म्हटलं की कमी. यावर विक्रीच्या शिबिरांमधून 'समोरच्याची नक्कल करा' असा मंत्र निघाला. मला त्यात नक्कल दिसत नाही. आपल्याकडच्या जुन्या हॉटेलात पोऱ्या आतल्या दिशेने "दोन मिसळ, एक कटिंग, एक बिनसाखर!" असं ओरडतो तेव्हा टेबलावरच्या मधुमेही माणसाला जी निश्चिंती वाटते, तेच तिथे घडलं असणार. ऐकलं गेलं, याची ती पोच. पोच आणि लाडीगोडी यांत फरक आहे.

आता जिव्हाळ्याकडे येतो.

१ मे २०२२ रोजी, महाराष्ट्र दिनाला, येरवडा मध्यवर्ती कारागृहात तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांच्या हस्ते एक कर्जयोजना सुरू झाली. कर्ज देणारी महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. घेणारे शिक्षा भोगणारे बंदी. रक्कम पन्नास हजारांपर्यंत, व्याज सात टक्के, तारण नाही, जामीनदार नाही. फेड कारागृहात मिळणाऱ्या मजुरीतून. देशात असं पहिल्यांदाच होतंय, असं तेव्हा सांगितलं गेलं. येरवड्यातल्या हजारावर बंद्यांना त्याचा उपयोग होईल असा अंदाज होता. व्याजातला एक टक्का बंद्यांच्या कल्याण निधीला द्यायचं ठरलं. योजनेचं नाव 'जिव्हाळा'.

कर्जाचं नाव जिव्हाळा! मी वाचलं तेव्हा हसलो होतो. हप्ता आणि जिव्हाळा एका वाक्यात बसवायला सरकारी कल्पनाशक्तीच लागते. शिवाय सामान्य माणसाचा पहिला प्रश्न असा, की आम्हाला सात टक्क्यांनी कोण देतं? आम्ही गुन्हा केला नाही ही आमची चूक का? दुसरा प्रश्न त्याहून जड. ज्यांच्या घरातला माणूस या लोकांमुळे गेला त्यांच्यासाठी कुठली बँक येते? या दुसऱ्या प्रश्नाला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. बंद्यांना रास्त मजुरी मिळावी आणि तिचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढता यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या खटल्यात म्हटलं आहे. एवढ्याने तो प्रश्न मिटत नाही. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे विनोद, आणि तो मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला: "बरंय, कर्जदार पळून जायची भीती नाही."

विनोद सोडला तर बँकेचं गणित नीट बघण्यासारखं आहे. आत काम करणाऱ्या बंद्याला कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतवारीने रोजची मजुरी मिळते. ती फार नसते. बँकेने कर्जाची मर्यादा ठरवताना विचारात घ्यायचं ठरवलं ते म्हणजे शिक्षेची मुदत, तीत मिळू शकणारी माफी, वय, वर्षात कामाचे दिवस किती भरतील आणि रोजची किमान कमाई. बाहेरच्या जगात कर्जाच्या अर्जावर आपण जे लिहितो, त्यातलं घर, गाडी, हुद्दा, साहेबांची ओळख, यांपैकी इथे काहीच नाही. उरतात फक्त हात आणि दिवस. शेतकऱ्याला हंगामापूर्वी घर चालवायला मिळणाऱ्या खावटी कर्जाच्या जातीचं हे कर्ज.

पैसे जातात बाहेर. पोराची फी, आईचं औषध, वकील. घरातला कमावता माणूसच आत गेलेला असतो आणि वर्षं जातात तशी मुलाकातीला येणारी माणसं कमी होत जातात. येण्याजाण्याला खर्च असतो, बुडालेला रोजगार असतो, आणि ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्याकडे जायचा कंटाळाही असतो, हे कटू असलं तरी खरं आहे. अशा माणसाने घरी पैसे पाठवले, तेही दानाचे नव्हे, स्वतःच्या नावावर काढून स्वतःच्या घामाने फेडायचे, तर घरात त्याची जागा काय होत असेल याचा विचार ही योजना आखणाऱ्याने केला होता. जामीनदार मागितला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. बंद्यासाठी सही करायला येणार कोण?

या बँकेची स्वतःची गोष्टही इथे आठवते. ही राज्याची शिखर बँक, स्थापना १९११ ची. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने तिचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. शंभराव्या वर्षी. जिव्हाळा योजना निघाली तीही प्रशासकीय मंडळाच्याच काळात, विद्याधर अनास्कर त्याचे अध्यक्ष असताना. ज्या संस्थेला स्वतःची पत पुन्हा उभी करावी लागली तिनेच पत नसलेल्यांना पत द्यावी, हा योगायोग असेल. मला तो फार आवडतो.

धंद्यातल्या जवळिकीचा उगम शोधायचा तर तो इथे आहे असं माझं मत झालं. दोघांपैकी कोणालातरी पहिला भरवसा टाकावा लागतो, आणि जो टाकतो त्याचे पैसे बुडू शकतात. रॅपोच्या शिबिरात शिकवतात ती युक्ती उलटी चालते. तिथे विक्रेता हसून, नाव घेऊन, सणवार विचारून पहिला भरवसा समोरच्याला टाकायला लावतो. स्वतः काहीच पणाला लावत नाही. खरं नावसुद्धा नाही.

याची जुनी उदाहरणं शोधायला गेलो तर सगळे रस्ते औंध संस्थानात जाऊन मिळाले, हे मला अपेक्षित नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्या. बेळगावात १९०३ च्या सुमारास त्यांनी तो बनवला आणि कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, पीक जळतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्याच्या बाजूने बघा, तो चुकत होता असं म्हणवत नाही. नांगर बिघडला तर विकणाऱ्याचं एक गिऱ्हाईक जातं. जमीन बिघडली तर घेणाऱ्याचं वर्ष जातं, कदाचित घर जातं. जोखीम सगळी एकाच बाजूला. अशा ठिकाणी गोड बोलण्याचा उपयोग शून्य. दुसऱ्याच्या वावरात चाललेला नांगर बांधावरून बघायला मिळणं, हाच एक इलाज.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. उद्योगपतींच्या चरित्रांत ही हकिगत येते. तिच्याच शेजारी एक बारीक गोष्ट असते जी मला मोठी वाटते: लक्ष्मणरावांनी वाडीवर रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. ज्याच्यावर चोरीचा शिक्का त्याच्याच हाती किल्ल्या. पुन्हा तेच, पहिला भरवसा मालकाचा. आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं. नांगराच्या गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी काढलेल्या पत्रकाचं मराठी मध्यमवर्गाचं मासिक झालं, हे आजच्या 'ब्रँड'वाल्यांना कोणीतरी सांगावं.

याच औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी केली. भिंत नाही, पहारा नाही. ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी भागातले. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनला त्याचा गौरव झाला. सिनेमा सुधारणेचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा गळ्याशी येणारा प्रसंग बाजारातला आहे. सहा खुनी स्वतः पिकवलेली भाजी विकायला बसतात, वाजवी भावात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळतं, आणि मग बाजारातले बडे व्यापारी त्यांना मारहाण करवतात. मारण्यात हयात गेलेली ती माणसं मार खातात, कारण जेलरला शब्द दिलेला असतो. गिऱ्हाईक त्यांचा इतिहास बघत नाही, भाव आणि भाजी बघतं. धोका वाटतो तो फक्त बाकीच्या दुकानदारांना.

भरवशाचं आणखी एक गिऱ्हाईक येरवड्यातच, तुरुंगाच्या भिंतीबाहेर आहे. इथल्या वस्त्यांमध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेच्या काळात, २००९ च्या आगेमागे, झोपड्यांच्या जागेवरच पक्की घरं बांधायचं काम झालं. नेताजीनगरसारख्या वस्त्यांत महिला मिलनच्या बायका आणि स्पार्क ही संस्था यांनी ते उचललं. वास्तुरचनाकारांत पुण्याचे प्रसन्न देसाई होते. हे घर विकणं नव्हतं, त्याहून अवघड होतं. "तुमचं आहे ते घर आम्हाला पाडू द्या, काही दिवस दुसरीकडे राहा, खर्चातला थोडा वाटा तुम्ही उचला, मग त्याच जागी बांधून देतो." वस्तीतल्या माणसाला पाडायला येणारे माहीत असतात, बांधायला येणारे माहीत नसतात. इथे पहिला भरवसा गिऱ्हाइकालाच टाकायचा होता, माझ्या सिद्धांताच्या अगदी उलट. तरी लोक तयार झाले. त्याचं मला समजलेलं कारण साधं आहे: समजावायला येणारी बाई त्याच गल्लीतली असायची. रोजची बचत गोळा करायला ती दारात यायची, भिशीचा हिशेब तिच्याकडे असायचा. काम फसलं असतं तर तिच्या दारात उभं राहून शिव्या घालता आल्या असत्या. पुन्हा पत आणि पत्ता.

पत्ता असण्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. उमेदवारीच्या काळात मी दिवाळी अंकांसाठी जाहिराती गोळा करायचो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी साहित्याचा हा सोहळा जाहिरातींच्या पानांवर तरला आहे, आणि ती पानं कोणीतरी पायपीट करून आणलेली असतात. त्यातला मी एक. गुंजन टॉकीजच्या चौकापासून पुढे जेल रोडपर्यंतची दुकानं माझ्याकडे होती. मीही तेव्हा रॅपोच करायचो, शब्द माहीत नव्हता. हार्डवेअरवाल्या काकांशी क्रिकेट, मिठाईवाल्याशी त्याच्या मुलाची दहावी. एका वर्षी एका अंकाने (तो केव्हाच बंद पडला) अर्ध्या पानाचे पैसे घेतले आणि जाहिरात छापलीच नाही. संपादक गायब. पावतीवर सही माझी.

दोन महिने मी त्या रस्त्याने जायचं टाळलं. मग एकदा पगार झाल्यावर हार्डवेअरवाल्या काकांचे पैसे घेऊन गेलो. सिनेमात अशा वेळी दुकानदार डोळे पुसत पैसे परत करतो. काकांनी नोटा मोजल्या, एक फाटकी होती ती बदलून मागितली, आणि गल्ल्यात टाकल्या. पुढच्या वर्षी जाहिरात मागायला गेलो तर म्हणाले, "जाहिरात नाही. चहा घे." त्यांनी मला पुन्हा कधीच जाहिरात दिली नाही. चहा मात्र ते दुकान विकून गावाकडे जाईपर्यंत मिळत राहिला, आणि आसपासच्या चार दुकानांत माझं काम कधी अडलं नाही. का अडलं नाही ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

२०२३ मध्ये कारागृह विभागाने येरवड्यात रस्त्यालगत एक उपाहारगृह सुरू केलं. चालवायला खुल्या कारागृहातल्या महिला बंदी. नाव 'शृंखला'. साखळी म्हणावं की बेडी, हे नाव ठेवणाऱ्याने आपल्यावर सोडलेलं दिसतं. तिथे मी दोन-तीनदा जाऊन बसलो ते खाण्यापेक्षा बघायला, आणि त्याची थोडी लाजही वाटली. इतर हॉटेलांत जे लोक टेबलावर बोटं वाजवून पाणी मागतात तेच इथे "ताई, पाणी मिळेल का?" असं विचारत होते. ताट नेताना 'छान होतं' म्हणत होते. जवळीक साधायची धडपड इथे गिऱ्हाइकाची होती. वाढणाऱ्या बायका कामापुरतं बोलत होत्या. एकाने मोबाइल काढून फोटो घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्याने तो मुकाट खिशात घातला.

टपरीवरचा तो बार्शीचा मुलगा मध्यंतरी पुन्हा भेटला. फोनचं काम सोडून आता एका औषध कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचवतो. महिन्यातून दोनदा तीच दुकानं, तीच माणसं. "आता खरं नाव सांगावं लागतं," म्हणाला. टार्गेट पुरं होतं का विचारलं तर हसला. पुरं होत नाही. त्याला मी सतरंजीची गोष्ट सांगितली. त्याने लगेच विचारलं, "मग, गेला का रंग?"

तेव्हा धुतली नव्हती. गेल्या मे महिन्यात धुतली. बादलीतलं पाणी थोडं लाल झालं. नंतर दोनदा धुतली, पाणी स्वच्छ निघालं.